आधी मोल, मग आत्मपरीक्षण

ख्रिस्ती स्त्रियांसाठी खास तयार केलेल्या रोजनिशांचा आज मोठा बाजार आहे. साध्या डायरीत कोरी पानं असतात. या वह्यांत पानाच्या वरच्या भागात पवित्र शास्त्रातलं एखादं वचन, त्याखाली चार ओळींचं मनन आणि मग एक प्रश्न छापलेला असतो. उरलेल्या रेघांवर वाचणारीने आपलं उत्तर लिहायचं. आरशात पाहताना सगळ्यात आधी मनात काय येतं? रूपाविषयी लहानपणी ऐकलेलं कोणतं बोलणं अजून विसरता आलेलं नाही? देव आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहतो असं वाटतं? काही आठवडे अशी उत्तरं लिहीत गेल्यावर स्त्रीला आपलं आंतरिक सौंदर्य आणि आपलं मोल उमगावं, अशी अपेक्षा असते. अमेरिकेत जॉन आणि स्टेसी एल्ड्रेज या दांपत्याचं ‘कॅप्टिव्हेटिंग’ हे पुस्तक २००५ मध्ये निघालं, भरपूर खपलं आणि त्याच्या जोडीला प्रश्नांची अशीच एक रोजनिशीही आली. इंग्रजी वाचणाऱ्या भारतीय ख्रिस्ती स्त्रियांनाही अशा वह्या आज सहज मिळतात. त्यांनी खरोखर काही साधतं का, आणि साधत असेल तर कशामुळे, हे तपासून पाहण्याजोगं आहे, कारण प्रश्न एका पुस्तकविक्रीचा नाही. स्वतःला कमी लेखत जगणाऱ्या स्त्रीला धर्म नेमका कोणता आधार देऊ शकतो, असा तो प्रश्न आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : ख्रिस्ती श्रद्धेत माणसाचं मोल आधीच मान्य झालेलं असतं, ते मिळवावं लागत नाही. ही खात्री पायाशी असली की स्वतःविषयी खरं लिहिण्याची भीती उरत नाही, आणि वहीचा उपयोग होतो तो या खऱ्या लिहिण्याने. त्या खात्रीची नुसती घोषणा करून पानं भरली, तर हाती फारसं काही लागत नाही.

रीत जुनी आहे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘अध्यात्मसाधना’ या पुस्तिकेला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. तीत रोजच्या आत्मपरीक्षणाची एक पद्धत सांगितली आहे. सकाळी उठताना आपला एखादा ठरावीक दोष टाळण्याचा निश्चय करायचा, दुपारच्या जेवणानंतर मागे वळून पाहायचं आणि तो दोष जितक्या वेळा घडला तितके ठिपके एका रेघेवर द्यायचे. रात्री दुसऱ्या रेघेवर तेच करायचं. आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेघांच्या सात जोड्या पुस्तिकेत आखूनच दिल्या आहेत. काल आणि आज, गेला आठवडा आणि हा आठवडा, अशी तुलनाही करायला सांगितली आहे. छापील पुस्तकाने वाचकाच्या हाती लेखणी द्यावी आणि काय तपासायचं तेही सांगावं, ही कल्पना इथे पूर्णपणे दिसते. मात्र ठिपके मोजायचे ते दोषांचे. आपण मुळात कोण आहोत, याचं उत्तर त्या रेघांवर मिळत नाही.

ते उत्तर एका स्त्रीने दिलं. आविलाची तेरेसा १५१५ मध्ये स्पेनमध्ये जन्मली. तिचे आजोबा ज्यू धर्मातून ख्रिस्ती झालेले, आणि गुपचूप जुना धर्म पाळल्याबद्दल तोलेदोच्या धर्मन्यायालयाने त्यांना जाहीर प्रायश्चित्त दिलेलं. स्त्रियांनी धर्मशास्त्र शिकवू नये असा तो काळ. तेरेसाने आत्मचरित्र लिहिलं तेही आपल्या पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंच्या आज्ञेवरून, आणि त्याचं हस्तलिखित पुढे धर्मन्यायालयाकडे गेलं. अशा परिस्थितीत, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, १५७७ च्या जूनमध्ये तिने आपल्या कार्मेल मठांतल्या भगिनींसाठी ‘अंतरीचा किल्ला’ हा ग्रंथ लिहायला घेतला आणि नोव्हेंबरात पुरा केला. आत्मा म्हणजे एकाच हिऱ्यातून किंवा निर्मळ स्फटिकातून घडवलेला किल्ला आहे, त्यात अनेक दालनं आहेत आणि सगळ्यात आतल्या दालनात राजा वसतो, असं ती सांगते. पहिल्याच प्रकरणात ती आत्म्याच्या सौंदर्याविषयी आणि थोरवीविषयी बोलते. आपण कोण आहोत हेच आपल्याला ठाऊक नसावं याची तिला खंत वाटते. त्यानंतर ती आत शिरते, आणि आत शिरल्यावर सांगते की बाहेरच्या दालनांत सरपटणारे प्राणीही आपल्याबरोबर घुसलेले आहेत. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. किल्ला हिऱ्याचा आहे हे आधी ठरतं, म्हणून त्यातली घाण पाहताना वाचणारी खचत नाही. पुढे तेरेसा आणखी एक इशारा देते : फक्त आपल्या दैन्याकडेच बघत राहिलं तर मन भीतीच्या चिखलात रुतून बसतं, म्हणून स्वतःला ओळखायचं असेल तरी नजर देवाकडे लावावी लागते. चर्चने १९७० मध्ये तिला ‘चर्चची आचार्य’ ही पदवी दिली. ही पदवी मिळालेली ती पहिली स्त्री. पण तिच्या ग्रंथाच्या पहिल्या काही पानांत आजच्या साऱ्या आत्ममोल-रोजनिशांचा पाया आहे, हे त्या रोजनिशा लिहिणाऱ्यांपैकी किती जणींच्या ध्यानात आलं असेल, याची मला शंका वाटते.

क्रम उलटा झाला तर काय होतं, हे अठराव्या शतकातल्या अमेरिकेत दिसतं. ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्ट गावी सारा ऑस्बर्न नावाची एक शिक्षिका राहत होती. प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विनच्या शिकवणुकीत वाढलेल्या या बाईने वर्षानुवर्षं रोजनिशी लिहिली. तिच्या लिखाणाची दोन हजारांहून अधिक पानं आजही टिकून आहेत. तारणासाठी देवाने आपल्याला निवडलं आहे की नाही, याच्या खुणा ती त्या पानांत शोधत होती. मोल अनिश्चित, म्हणून परीक्षण कधी संपतच नाही; स्वतःला तुच्छ, मलिन म्हणवून घेण्यात पानंच्या पानं जातात. तिच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगायला हवं की याच लिहिण्याने तिला बोलण्याचं बळही दिलं. १७६६-६७ च्या सुमारास तिच्या घरी भरणाऱ्या प्रार्थनासभांना आठवड्याला शेकडो माणसं येत, आणि त्यांत गुलामीत राबणारे आफ्रिकन स्त्रीपुरुषही असत. तरीही तिच्या वहीचा स्वर भीतीचा आहे. आजच्या अनेक रोजनिशा या भीतीपासून पळताना दुसऱ्या टोकाला गेल्या आहेत. त्यांत पानोपानी वाचणारीला सुंदर, अनमोल, राजाची कन्या म्हटलेलं असतं. सरपटणाऱ्या प्राण्यांचं कुणी नाव काढत नाही. ऑस्बर्नकडे परीक्षण होतं पण खात्री नव्हती. इथे खात्री आहे आणि परीक्षण गायब आहे.

आता मानसशास्त्र काय सांगतं ते पाहू. मिशिगन विद्यापीठातल्या जेनिफर क्रोकर आणि कॉनी वुल्फ यांनी २००१ मध्ये एक सिद्धांत मांडला. माणसाला स्वतःविषयी किती आदर वाटतो, यापेक्षा तो आदर कशावर टेकलेला आहे याला त्यांनी महत्त्व दिलं. पुढे क्रोकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी जी मोजपट्टी तयार केली, तीत असे सात आधार आहेत : इतरांची पसंती, रूप, स्पर्धेतलं यश, अभ्यासातलं प्रावीण्य, कुटुंबाचा पाठिंबा, सदाचरण आणि देवाचं प्रेम. देवाचं प्रेम या यादीत आहे, हे धर्मप्रचारकांनी नव्हे तर प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी ठरवलं आहे. ज्यांचा आत्मसन्मान रूपासारख्या बाहेरच्या गोष्टीवर अवलंबून होता त्यांच्यात ताण आणि खाण्यापिण्याशी संबंधित विकारांची लक्षणं अधिक दिसली. सदाचरण किंवा देवाचं प्रेम यांवर तो टेकला होता त्यांना अशा अडचणी कमी आल्या. यातून लगेच धर्माची जाहिरात करण्याचं कारण नाही. देवाचं प्रेमही आपल्या वागणुकीवर मिळतं-हरपतं असं मानणारी स्त्री परीक्षेच्या गुणांवर जगणाऱ्या मुलीइतकीच अस्वस्थ राहील. आधार भक्कम ठरतो तो प्रेम बिनशर्त आहे असं मानल्यावर. ख्रिस्ती परंपरेतला कृपेचा सिद्धांत हेच सांगतो, आणि ऑस्बर्नच्या वहीत नेमकी हीच खात्री डळमळत राहिली होती.

केवळ ख्रिस्ती घरात जन्म झाला, रविवारची उपासना चुकली नाही, म्हणून स्त्रीचं आरशापासून रक्षण होतं असं मात्र नाही. याचा एक हृदयद्रावक पुरावा फिजी बेटांवरून आला. तिथला मूळ फिजीयन समाज बहुसंख्येने मेथडिस्ट ख्रिस्ती, आणि भरलेल्या अंगाच्या बाईला देखणी मानणारा. नाद्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली. हार्वर्डच्या ॲन बेकर यांनी तेव्हा आणि पुन्हा १९९८ मध्ये तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणारी एकही मुलगी पहिल्या वेळी सापडली नव्हती. तीन वर्षांनी हे प्रमाण ११.३ टक्के झालं होतं. चर्च तीच होती, गाणी तीच होती, बायबल घरोघरी होतं. पण त्या श्रद्धेला देहाविषयी, आरशाविषयी काही विचारण्याची सवय नव्हती, आणि पडद्याने ते काम रोज संध्याकाळी केलं. माझ्या मते मार्गदर्शक प्रश्नांची गरज इथे सिद्ध होते. श्रद्धा जिथे स्पष्टपणे देहापर्यंत आणली जात नाही, तिथे ती मोकळी जागा बाजार व्यापून टाकतो.

ती देहापर्यंत आणली तर काय होतं, याचाही एक प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतल्या बकनेल विद्यापीठातल्या क्रिस बॉयात्झिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००७ मध्ये प्रसिद्ध केला. काही विद्यार्थिनींना देवाने आपला देह घडवला आणि तो त्याला प्रिय आहे, अशा आशयाची विधानं वाचायला दिली, इतरांना देवाचा उल्लेख नसलेली किंवा या विषयाशी संबंध नसलेली. आणि मग सगळ्यांना सडपातळ मॉडेल्सची छायाचित्रं दाखवली. देवाविषयीची विधानं वाचलेल्या मुलींना छायाचित्रं पाहूनही आपल्या देहाविषयी बरं वाटलं, तर विषयाशी संबंध नसलेला मजकूर वाचलेल्यांना वाईट वाटलं. प्रयोग उत्साहवर्धक आहे, पण त्याने मोजलं ते त्या वेळचं वाटणं. सहा महिन्यांनी काय उरतं हे त्याने तपासलं नाही.

आणि इथेच दुसरा एक प्रयोग आडवा येतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये असं दाखवलं की आपण प्रेम करण्याजोगे आहोत असं पुन्हा पुन्हा स्वतःला बजावल्यावर, ज्यांना स्वतःविषयी आधीच बरं वाटत होतं त्यांना किंचित अधिक बरं वाटलं. ज्यांना स्वतःविषयी वाईट वाटत होतं त्यांना अधिक वाईट वाटलं. २०२० मधल्या एका पुनर्प्रयोगात हा अपाय दिसला नाही, त्यामुळे हा निष्कर्ष अंतिम मानता येत नाही. पण घोकंपट्टीची गरज जिला सर्वांत जास्त, तिला तिचा आधार मिळेलच असा भरवसा देणारा पुरावाही नाही. आत बसलेला आवाज दर वाक्याला प्रतिवाद करतो. मी सुंदर आहे असं लिहिल्याबरोबर तो आत्याचं बोलणं, मुलगी पाहायला आलेल्यांचा नकार, वर्गातलं टोपणनाव, सगळं पुढे मांडतो. वहीत या प्रतिवादाला जागाच नसेल तर तो वहीबाहेर मोकळा राहतो.

लिहिण्याचा खरा फायदा कुठे असतो हे जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ च्या प्रयोगाने दाखवलं. डॅलसमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. आयुष्यातल्या आघाताविषयी घटना आणि भावना दोन्ही ज्यांनी लिहिल्या, त्यांना लिहून झाल्यावर लगेच अधिक खिन्न वाटलं. पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांनी आरोग्यकेंद्राच्या फेऱ्या कमी मारल्या. नंतरच्या अभ्यासांत पेनेबेकर यांना असं आढळलं की ज्यांच्या लिहिण्यात दिवसागणिक कारणं आणि उमज दर्शवणारे शब्द वाढत गेले, त्यांना लाभ जास्त झाला. म्हणजे दुःखाची गोष्ट हळूहळू जुळत गेली पाहिजे. अशा अभ्यासांचा एकत्रित हिशेब २००६ मध्ये जोॲन फ्रॅटरोली यांनी मांडला तेव्हा १४६ अभ्यासांतून निघालेला सरासरी परिणाम अनुकूल पण लहान ठरला. लहान परिणाम म्हणजे शून्य नव्हे, चमत्कारही नव्हे. ज्या रोजनिशीच्या वेष्टनावर महिनाभरात आयुष्य बदलण्याचं आश्वासन छापलेलं असतं, तिच्यावर या आकड्यांच्या आधारे अविश्वास दाखवावा. पण ‘वहीत लिहून काय होणार’ म्हणणाऱ्यालाही हेच आकडे दाखवावेत.

खऱ्या लिहिण्याचा नमुना शोधायला ख्रिस्ती वाचकाला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली सुमारे एकतृतीयांश विलापाची आहेत. त्यांत देवाला जाब विचारलेला आहे, शत्रूंविषयीचा राग आहे, एकटेपण आहे, आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी दिलासा देण्याची घाई तिथे नाही. बेचाळिसाव्या स्तोत्रात कवी स्वतःच्या जिवालाच समोर बसवून विचारतो की तू असा खिन्न का. स्वतःला दुसऱ्या व्यक्तीसारखं संबोधून बोलल्याने त्रासाची धार कमी होते, असं मिशिगन विद्यापीठातल्या इथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रयोगांतून दाखवलं. स्तोत्रकाराला ही युक्ती ठाऊक होती. शिवाय प्रार्थना म्हणून लिहिणारी बाई एकटी नसते. तिचं लिहिणं कुणाला तरी उद्देशून असतं, आणि ऐकणारा निघून जाणार नाही असा तिचा विश्वास असतो. साध्या डायरीत न मिळणारी ही गोष्ट आहे. असं असूनही बाजारातल्या बहुतेक वह्यांत स्तोत्रांतली मधुर वचनं तेवढी वेचून घेतलेली असतात आणि विलाप गाळलेला असतो. हे मला त्यांचं सर्वांत मोठं उणेपण वाटतं.

या साऱ्यावर एक आक्षेप मंडळीतूनच येतो : ख्रिस्ती माणसाने स्वतःला नाकारायचं असतं, गर्व हे मूळ पाप, मग आत्ममोलाचा हा ध्यास कशाला? आक्षेप गंभीर आहे. त्याला १९६० मध्ये व्हॅलेरी सेव्हिंग या अमेरिकन विदुषीने दिलेलं उत्तर मला आजही सर्वांत नेमकं वाटतं. तिने म्हटलं की पाप म्हणजे अहंकार आणि स्वतःची सत्ता गाजवणं, ही व्याख्या पुरुष धर्मशास्त्रज्ञांनी आपल्या अनुभवावरून केली. स्त्रीपुढचा मोह बहुधा उलटा असतो : स्वतःला किरकोळ गोष्टींत विखरून टाकणं, आपण कोण हे इतरांच्या तोंडून ऐकणं, आपलं असं केंद्रच न उरणं. आधीच मिटलेल्या माणसाला आणखी मिटायला सांगणं हा उपदेश पापाला औषध ठरत नाही, खतपाणी ठरतो. तेरेसानेही नम्रतेचा अर्थ सत्यात चालणं असाच लावला होता. आपल्याला देवाने घडवलं हे सत्य असेल तर ते नाकारणं ही नम्रता होत नाही.

दुसरा आक्षेप बाहेरून येतो आणि तो अधिक जिव्हारी लागणारा आहे. आंतरिक सौंदर्य हा शब्दप्रयोग स्त्रीला गप्प बसवण्यासाठीच वापरला गेला, असं स्त्रीवादी अभ्यासक म्हणतात. या विषयावरच्या रोजनिशांत पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय हमखास येतो. केस गुंफणं आणि दागिने यांपेक्षा अंतःकरणाचा सौम्य, शांत स्वभाव देवाला मोलाचा वाटतो, असा त्याचा आशय. पण याच अध्यायाची सुरुवात पत्नीने पतीच्या अधीन राहण्याच्या सूचनेने होते, आणि मार खाणाऱ्या बाईला हेच वचन दाखवून घरी परत पाठवलं गेल्याचा इतिहास चर्चला नाकारता येणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत भारतातल्या १८ ते ४९ वयोगटातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. तेव्हा सौम्यतेचा प्रश्न छापताना लिहिणाऱ्याने हे आधी डोळ्यांपुढे आणलं पाहिजे. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातल्या सद्गुणी स्त्रीचंही असंच झालं. ती शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते, व्यापार करते, गरिबाला हात देते. ज्यू घरांत शब्बाथच्या संध्याकाळी हे गीत पत्नीच्या गौरवासाठी गायलं जातं. रोजनिशांत मात्र तीच गौरवगाथा रोजच्या कामांची यादी होऊन बसते आणि वाचणारी त्या यादीत स्वतःला नापास करते. शास्त्राचा दोष मी मानत नाही, निवडीचा मानते. शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरी राजा शोधायला जातो तेव्हा उंची आणि रूप पाहू नकोस, असं देव त्याला बजावतो. आणि त्याच अध्यायात दाविदाचे डोळे सुंदर होते हेही कथाकार सांगून जातो. देहाचा तिरस्कार करायला हे ग्रंथ शिकवत नाहीत.

आंतरिक आवाज ऐकणारी ख्रिस्ती स्त्री गप्पच होते असं नाही, याचा महाराष्ट्राइतका ठसठशीत दाखला क्वचितच दुसरीकडे सापडेल. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर ज्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता होत्या त्यांच्याशीच वर्षानुवर्षं पत्रांतून वाद घातला. तरुण पुरुषांना शिकवू नये असं बिशपांनी सुचवलं, ते त्यांना मान्य झालं नाही. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याचं जोखड मानेवर घेणार नाही, असं त्यांनी १८८५ मध्ये स्पष्ट कळवलं. ही पत्रं १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली पुस्तकरूपाने निघाली. रमाबाईंनी १९०७ मध्ये स्वतःची साक्षही लिहिली. प्रश्नाला उत्तर देत, ओळखीच्या माणसाला उद्देशून, न घाबरता लिहिणं माणसाला किती उभं करतं हे त्या पत्रांत दिसतं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तर प्रत्येक मराठी घराच्या ओळखीची आहेत. पतीने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरचा आकांत, पतीवरचा संताप, सोवळ्याओवळ्याचं वेड आणि ते कसं गळून पडलं, यांतलं काही त्यांनी झाकलेलं नाही, आणि स्वतःला कुठे सजवलेलंही नाही. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या या बाईच्या पानांत जो आत्मविश्वास आहे, तो आपण कशा आहोत हे मोकळेपणी सांगता येण्यातून आला आहे.

काळ्या रंगावरून मुलगी नाकारणाऱ्या समाजात वहीने काय होणार, हाही एक रास्त प्रश्न आहे. गोरेपणाचं एक प्रसिद्ध मलम १९७५ मध्ये भारतात आलं आणि २०२० मध्ये त्याने नावातून गोरेपणा काढला. त्याच वर्षी एका मोठ्या विवाहसंकेतस्थळाने वधूवरांना रंगावरून गाळण्याची सोयही बंद केली. हे बदल लोकांनी आवाज उठवल्यामुळे झाले. कुणाच्या खासगी रोजनिशीने ते घडले नाहीत. लग्नाच्या बाजारात ख्रिस्ती कुटुंबंही रंग विचारतातच. वहीने समाज बदलत नाही, हे मान्यच करायला हवं. पण आपल्या मनातली घृणा आपली नाही, ती कुणीतरी विशिष्ट दिवशी, विशिष्ट शब्दांत आत घातली आहे, हे एकदा स्वतःच्या अक्षरात दिसलं की त्या बाईचा आवाज मोकळा व्हायला वाव मिळतो. आवाज उठवणारी माणसं आधी कुठेतरी अशीच तयार होतात.

म्हणून मराठी मंडळ्यांतल्या, वसईपासून अहिल्यानगरपर्यंतच्या ज्या भगिनी अशा वह्या तयार करतील किंवा इंग्रजीतून आणतील, त्यांना माझी विनंती आहे. वाचणारीला ती सुंदर आहे हे पहिल्या पानावर एकदाच सांगा, आणि मग तिला विचारा. उत्तर आधीच छापून ठेवू नका. तुला असं का वाटतं, यापेक्षा तेव्हा नेमकं काय घडलं, कोण काय म्हणालं, हे विचारा. नुसत्या ‘का’च्या चक्रात मन गरगरत राहतं. विलापाच्या स्तोत्रांना निदान आठवडाभराची पानं द्या. पेत्राचं वचन घ्यायचं असेल तर मारहाण सहन करणं ही सौम्यता नाही, असं त्याच पानावर स्पष्ट छापा. मंडळात कुणाची वही मोठ्याने वाचून दाखवायला लावू नका, आणि घरात वही सुरक्षित राहणार नसेल तर पान लिहून फाडून टाकायची मुभा द्या. जिला लिहिता येत नाही तिला तोंडी साक्षीची जागा ठेवा. शेवटच्या पानावर दोन क्रमांक असू द्या : स्त्रियांसाठीची हेल्पलाइन १८१ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस १४४१६. टेली-मानसवर मराठीत बोलता येतं आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.